घूमजावाला इंग्रजीत काय काय म्हणतात? यू-टर्नपासून रिसाइलपर्यंत

२९ जून २०२५ रोजी राज्य सरकारने तिसऱ्या भाषेबद्दलचे आपले दोन्ही शासन निर्णय रद्द केले. पहिला होता १६ एप्रिलचा. त्यात मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी अनिवार्य केली होती. दुसरा १७ जूनचा. त्यात 'अनिवार्य' जाऊन 'सर्वसाधारणपणे' आलं, आणि वर्गात वीस मुलं तयार असतील तर दुसरी एखादी भारतीय भाषा घेण्याची मुभा आली. शेवटी दोन्ही मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

परभणीत माझ्याकडे स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी शिकायला जिंतूर, सेलू, पाथरीकडची मुलं येतात. त्या आठवड्यात त्यांचा एकच प्रश्न होता. एका बातमीत यू-टर्न, दुसरीत रोलबॅक, तिसरीत बॅकफूट. सर, हे सगळे एकच ना? शब्दांच्या यादीत तर सगळ्यांपुढे 'माघार घेणे' एवढंच लिहिलेलं असतं.

एकच नाहीत. मोंढ्यात कुणी तूर, हरभरा आणि सोयाबीन एकाच पोत्यात ओतून 'धान्य आणलंय' म्हणत नाही, कारण प्रत्येकाचा भाव वेगळा असतो. या शब्दांचंही तसंच आहे. काय फिरलं हे ते सांगतातच, पण सांगणारा फिरणाऱ्याला किती किंमत देतो हेही त्यांत असतं. ती किंमत वाचकाच्या लक्षात न येता ठरून जाते, म्हणून हा लेख.

आधी हे पाहू : नेमकं फिरतं काय?

माणसाचं मत फिरतं. सरकारचं धोरण फिरतं. दिलेला शब्द फिरतो, कोर्टातली जबानी फिरते, आमदाराचा पक्ष फिरतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे आणि एकाचा दुसऱ्याला लावला की अर्थ बिघडतो.

या सगळ्यांच्या तळाशी एक साधा, कुणाला दोष न देणारा शब्द आहे : रिव्हर्सल, म्हणजे दिशा उलटी होणं. मान्सूनची व्याख्याच मुळी वाऱ्यांचं हंगामी रिव्हर्सल अशी करतात. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारे वारे पावसाळा संपता संपता दिशा बदलतात आणि आपल्याकडे परतीचा पाऊस सुरू होतो. मराठवाड्यात हा पाऊस कधी रब्बीला ओल देतो, कधी काढणीला आलेलं सोयाबीन शेतातच कुजवतो. नुकसान झालं तरी वाऱ्याने दगा दिला असं हवामान खातं लिहीत नाही. ते विड्रॉअल लिहितं, म्हणजे माघारी जाणं. दोष द्यायला माणूस लागतो. माणूस आला की शब्दांना धार येते.

यू-टर्न : रस्त्यावरचा शब्द

इंग्रजी 'यू' अक्षराचा आकार डोळ्यांपुढे आणा. एक दांडी खाली येते, वळते आणि तशीच वर जाते. गाडी दुभाजकाला वळसा घालून आली त्याच दिशेने परत निघाली की तो यू-टर्न. मोटारी आल्या तसा शब्द आला आणि पुढे राजकारणात शिरला.

तिथे तो पक्का बसला तो ब्रिटनमध्ये. १९७० साली पंतप्रधान झालेले एडवर्ड हीथ तोट्यातल्या उद्योगांना सरकारी पैसा देणार नाही असं म्हणत सत्तेवर आले होते. १९७१ मध्ये त्यांच्याच सरकारने दिवाळखोरीत निघालेली रोल्स-रॉइस ताब्यात घेतली आणि १९७२ मध्ये पगार आणि किमती यांच्यावर नियंत्रणं आणली. त्यांच्याच पक्षाच्या मार्गारेट थॅचर पुढे पंतप्रधान झाल्या, तेव्हा बेकारी वाढत होती आणि त्यांनीही धोरण बदलावं असा दबाव होता. १० ऑक्टोबर १९८० रोजी ब्रायटनच्या पक्ष अधिवेशनात त्यांनी उत्तर दिलं : तुम्हाला वळायचं तर वळा, ही बाई वळणारी नाही. इंग्रजीत 'तुम्ही वळा' आणि 'यू-टर्न' यांचा उच्चार एकच होतो, त्यामुळे वाक्य टाळ्या घेऊन गेलं. त्या दिवसापासून यू-टर्न म्हणजे कमजोरी, हा अर्थ ब्रिटिश राजकारणात घट्ट झाला.

खरा, जमिनीवरचा यू-टर्न पाहायचा तर आपल्याला ब्रिटनला जायची गरज नाही. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, देवगिरीचं दौलताबाद केलं, आणि १३३५ च्या आसपास परत दिल्लीला नेली. गेला त्याच वाटेने परतला. याच सुलतानाने चांदीऐवजी तांब्या-पितळेची नाणी काढली होती. लोकांनी घरोघरी खोटी पाडली, तेव्हा ती चलनातून काढून खजिन्यातून बदलून द्यावी लागली. याला मात्र यू-टर्न म्हणण्यापेक्षा रिकॉल किंवा विड्रॉ म्हणणं नेमकं ठरेल, कारण बाजारात सोडलेली वस्तू परत बोलावली गेली.

इथे एक चूक सांगून ठेवतो, कारण ती भाषणांत आणि उत्तरपत्रिकांत सारखी दिसते. 'त्यांनी भूमिकेत ३६० अंशांचा बदल केला.' ३६० अंश फिरलं की माणूस होता तिथेच, त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. उलट फिरणं १८० अंशांचं.

वोल्ट-फास आणि अबाउट-टर्न

वोल्ट-फास हा फ्रेंचमधून इंग्रजीत आला, फ्रेंचने तो इटालियनमधून घेतला. मूळ अर्थ तोंड फिरवणं. उच्चाराचा शेवट 'फास' असा करायचा, 'फेस' नाही. हा शब्द मतासाठी आणि भूमिकेसाठी वापरतात. त्यात दोन अटी गृहीत असतात : बदल अचानक हवा आणि पुरता हवा. ज्याने वीस वर्षं एखाद्या धरणाला विरोध केला त्याने एका सकाळी त्याच धरणाच्या बाजूने लेख लिहिला, तर तो वोल्ट-फास. दहा वर्षांत हळूहळू मत बदललं तर हा शब्द चालत नाही.

अबाउट-टर्न कवायतीतला. एनसीसीत गेलेल्या मुलांना 'पीछे मूड' ऐकू आलं की पाय आपोआप फिरतात, तीच ही आज्ञा. अमेरिकेत तिला अबाउट-फेस म्हणतात. आपला 'घूमजाव' याच्या अगदी जवळचा.

पण तोंड फिरलं म्हणजे मन फिरलं असं नाही, आणि ते मराठवाड्याला वेगळं सांगावं लागू नये. ११ जून १९४७ रोजी निजामाने फर्मान काढलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. ऑगस्ट १९४८ मध्ये त्याच्या सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवली आणि लगेच तक्रार मागे घेत असल्याचंही कळवून टाकलं. २६ जानेवारी १९५० ला तोच निजाम भारतीय संघराज्यातल्या हैदराबादचा राजप्रमुख झाला. बाहेरून पाहिलं तर संपूर्ण अबाउट-टर्न. तरी इतिहासाच्या उत्तरात मी मुलांना हा शब्द लिहू देत नाही. ज्याच्या दारात फौज उभी आहे त्याच्या वळण्याला इंग्रजीत कॅपिट्युलेशन म्हणतात, म्हणजे शरणागती. वोल्ट-फास लिहिलं की असं वाटतं, जणू निजामाने विचार करून भूमिका बदलली. मग मुक्तिसंग्रामात लढलेली माणसं त्या वाक्यातून बाहेर पडतात.

फ्लिप-फ्लॉप : पुन्हा पुन्हा फिरणारा

यू-टर्न एकदाच घेता येतो. फ्लिप-फ्लॉपमध्ये माणूस इकडून तिकडे आणि तिकडून इकडे होत राहतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हा शब्द माहीत असतो : शून्य किंवा एक, दोनच स्थिती, खटका दिला की पहिलीतून दुसरीत जाणारं सर्किट.

अमेरिकेत हा शब्द निवडणुकीचं हत्यार झाला. २००४ साली जॉन केरी अध्यक्षपदासाठी उभे होते. इराक आणि अफगाणिस्तानच्या ८७ अब्ज डॉलरच्या खर्चाबद्दल ते म्हणाले की, मी विरोधात मत देण्याआधी बाजूने दिलं होतं. सिनेटमध्ये एकाच विषयावर वेगवेगळ्या मसुद्यांवर मतदान होतं, त्यामुळे म्हणण्यात तथ्य होतं. पण वाक्य ऐकायलाच असं होतं की संपलं. विरोधक सभांत रबरी स्लिपर हलवू लागले, कारण इंग्रजीत त्या स्लिपरांनाही फ्लिप-फ्लॉपच म्हणतात. ऑस्ट्रेलियात अशा वळण्याला बॅकफ्लिप म्हणतात, आपल्या कोलांटउडीसारखं.

आपल्याकडे कांद्याचं धोरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ३१ मार्च २०२४ पर्यंतची. मुदत संपायच्या आत ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. मे २०२४ च्या सुरुवातीला उठवली, पण किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क निम्म्यावर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं. वैजापूरचा किंवा आष्टीचा शेतकरी याला फ्लिप-फ्लॉप म्हणेल, कारण त्याने रोप टाकलं तेव्हा एक नियम होता आणि कांदा चाळीतून काढला तेव्हा दुसरा. सरकारी कागदात हेच कॅलिब्रेटेड असतं, म्हणजे तोलूनमापून केलेलं. घटना आणि तारखा त्याच. शब्द कोण निवडतंय त्यावर दोष कुणाचा हे ठरतं. माझ्या मते पीक हातात यायला जितके महिने लागतात त्याहून कमी वेळात नियम फिरत असतील, तर शेतकऱ्याचा शब्द जास्त खरा आहे.

मागे सरकण्याच्या पायऱ्या

पूर्ण वळण्याआधी माणूस बहुधा थोडा थोडा मागे सरतो आणि इंग्रजीने त्याच्या पायऱ्या केल्या आहेत.

बॅकपेडल म्हणजे सायकलचं पायडल उलटं मारणं. नेता सकाळी काही बोलतो, गदारोळ होतो, संध्याकाळी 'माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता' असं येतं. ही आपली सारवासारव. वॉक बॅक हा त्याचाच अमेरिकी भाऊ, थोडा सभ्य. क्लाइम्बडाउन ब्रिटिश आहे : आधी उंच चढून गर्जना केली, आता सगळ्यांदेखत खाली उतरावं लागतंय. त्यात मानहानी आहे. बॅकफूट क्रिकेटमधून आला, त्यात निर्णय अजून बदललेला नसतो, फक्त बचावाची पाळी आलेली असते.

रोलबॅक हा आपल्या अर्थसंकल्पाच्या दिवसांचा लाडका शब्द. दरवाढ केली, ओरड झाली, दर पूर्ववत. गुंडाळी उलगडली होती ती परत गुंडाळली.

कायद्याच्या भाषेत मात्र ढिलाई चालत नाही. विधिमंडळाने किंवा संसदेने केलेला कायदा विधिमंडळ किंवा संसदच मागे घेते, तिथे रिपील. तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ ला केली, पण रिपील झाले ते संसदेने २९ नोव्हेंबरला विधेयक मंजूर केल्यावर आणि त्यावर राष्ट्रपतींची सही झाल्यावर. मधले दिवस कायदे पुस्तकात होतेच. परवाना किंवा परवानगी काढून घेतली तर रिव्होक. निर्णय, ठराव किंवा करार रद्द केला तर रिसिंड.

आता हिंदीच्या निर्णयाकडे परत पाहा. १७ जूनला 'अनिवार्य'चं 'सर्वसाधारणपणे' झालं, ते बॅकपेडल. २९ जूनला दोन्ही शासन निर्णय गेले, ते रिसिंड किंवा विड्रॉ. आणि समिती नेमली गेली म्हणजे प्रश्न उघडाच राहिला. १८० अंश वळायचं तर 'तिसरी भाषा पहिलीपासून नकोच' असं सरकारने म्हणायला हवं होतं. तसं ते त्या दिवशी म्हणालं नाही. 'यू-टर्न' वाचून ज्याने विषय संपला असं मानलं, त्याची शीर्षकाने दिशाभूल केली.

कोर्टातली उलटापालट

हे शब्द सगळ्यात कमी माहीत असतात आणि सामान्य माणसाला सगळ्यात जास्त लागतात. पाथरीची एक मुलगी निकालपत्राची प्रत घेऊन आली होती. तिच्या घरच्यांच्या जमिनीच्या भांडणातून झालेल्या मारहाणीचा खटला. एका ओळीखाली तिने पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. त्या ओळीत शेजाऱ्याबद्दल 'रिसाइल्ड' लिहिलं होतं. शब्दकोशात तिला 'मागे उसळणे' असं सापडलं होतं आणि शेजारी कुठून उसळला ते कळत नव्हतं.

रिसाइल म्हणजे आधी दिलेल्या जबाबापासून मागे हटणं. शेजाऱ्याने पोलिसांना एक सांगितलं आणि कोर्टात उभं राहून 'मी काही पाहिलं नाही' म्हटलं. आपण म्हणतो साक्षीदार फितूर झाला, वकील म्हणतात होस्टाइल झाला. गंमत अशी की १८७२ च्या पुरावा कायद्यात 'होस्टाइल' शब्दच नव्हता. आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायला न्यायाधीश परवानगी देऊ शकतात, एवढंच त्यात होतं. आणि फितूर झालेल्याची सगळी साक्ष आपोआप बाद होत नाही. तिच्यातला जो भाग दुसऱ्या पुराव्याशी जुळतो तो कोर्ट घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. हे त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने पुढची पानं वाचायला घेतली.

आरोपीने दिलेला कबुलीजबाब त्याने मागे घेतला तर रिट्रॅक्ट. आणि धर्मसत्तेपुढे किंवा राजसत्तेपुढे आपलं मत जाहीरपणे खोटं म्हणावं लागलं तर रिकँट. १६३३ साली रोममध्ये गॅलिलिओला गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपलं म्हणणं शपथेवर सोडावं लागलं. रिकँट शब्दातून एवढंच कळतं की तोंडून काय वदवून घेतलं.

न्यायाधीशांचं फिरणंही दोन प्रकारचं. बीडच्या सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपीला छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाने त्याच खटल्यात दोषी धरलं, तर आधीचा निकाल रिव्हर्स झाला. पण एखाद्या जुन्या खटल्यात मांडलेलं कायद्याचं तत्त्वच नंतरच्या वेगळ्या खटल्यात मोठ्या पीठाने चूक ठरवलं, तर ते ओव्हररूल. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठीही त्या काळात कोर्टात दाद मागता येणार नाही. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाच्या निकालात तो ओव्हररूल केला आणि ते परिच्छेद लिहिणारे होते त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. स्टे मात्र यात कुठेच बसत नाही. स्थगिती म्हणजे थांबा, फिरा नव्हे. जमिनीच्या निकालाला स्टे मिळाला की गावात 'केस उलटली' म्हणून पेढे वाटले जातात, ते घाईचं असतं.

पण मत बदलणं वाईटच असतं का?

मुलं हे हमखास विचारतात आणि मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वरची यादी पुन्हा वाचली तर बहुतेक शब्द शिव्यांच्या जवळचे आहेत. राजकारणी चूक दुरुस्त करायला का घाबरतात याचं एक कारण इथे आहे : दुरुस्त करणाऱ्यासाठी बातमीत तयार शब्द असतात ते फक्त टोचणारे.

चांगले शब्दही इंग्रजीत आहेत, बातमीदार ते क्वचित काढतात एवढंच. रिकन्सिडर आणि रीथिंक म्हणजे पुनर्विचार. कोर्स करेक्शन म्हणजे मुक्काम तोच, मार्गात सुधारणा. चेंज ऑफ हार्ट म्हणजे आतून झालेला बदल. डॅमॅसिन कन्व्हर्जन म्हणजे झपाट्याने आणि आमूलाग्र झालेला, ख्रिस्ती कथेतला : ख्रिस्ताच्या अनुयायांना पकडायला दमास्कसला निघालेला सौल वाटेत बदलला आणि पुढे संत पॉल झाला.

गांधीजींनी २९ एप्रिल १९३३ च्या 'हरिजन'मध्ये या आक्षेपाला सरळ उत्तर दिलं. सुसंगत दिसण्याची मला फिकीर नाही, सत्य शोधताना मी कित्येक मतं टाकून दिली आहेत, आणि माझ्या दोन लेखांत विसंगती दिसली तर नंतरचा घ्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवरात गेलेली माहिती कायमची नष्ट होते यावर जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली होती. २००४ मध्ये डब्लिनच्या परिषदेत त्यांनी आपलं म्हणणं बदलल्याचं जाहीर केलं आणि पैज हरल्याचं मान्य करून बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. कुणी त्याला फ्लिप-फ्लॉप म्हटलं तर ते चुकीचं ठरेल, कारण का बदललो ते त्यांनी गणितासह सांगितलं होतं.

मी मुलांना हीच खूण सांगतो. बदलणाऱ्याने आधीचं मत कबूल केलं का, आणि बदलाचं कारण दिलं का? दोन्ही असेल तर पुनर्विचाराचा शब्द वापरा. 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं असेल तर बॅकपेडल. कारण विचारल्यावर फक्त खुर्ची दिसत असेल तर टर्नकोट, शब्दशः कोट उलटा करून घालणारा, आपला टोपी फिरवणारा. हरियाणाचे आमदार गया लाल यांनी १९६७ साली पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, त्यावरून 'आयाराम गयाराम' आलं आणि १९८५ मध्ये संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाने पक्षांतरबंदी आली. कायदा टर्नकोट म्हणत नाही, डिफेक्शन म्हणतो. कायद्याला हेतू तपासता येत नाही, कृती तपासता येते.

कंपन्यांनी अलीकडे पिव्हट हा शब्द उचलला आहे. बास्केटबॉलमध्ये एक पाय जागेवर रोवून त्याच पायावर फिरतात, तो पिव्हट. धंद्याचा गाभा कायम ठेवून दिशा बदलली तर शब्द योग्यच आहे. पण पहिला धंदा बुडाला, माणसं घरी पाठवली आणि पत्रकात पिव्हट छापलं, तर रोवलेला पाय कुठला ते विचारावं.

मराठीत शब्द असताना हे कशाला?

पेपरात आणि कोर्टात ते येतात म्हणून. मराठीत मात्र मराठीच वापरावे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ते या कामाला पुरून उरतात. घूमजाव, माघार, सारवासारव, कोलांटउडी, फितुरी, शब्द फिरवणं, टोपी फिरवणं, वारा पाहून पाठ देणं. प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि मराठी वाचकाला ती कोश न उघडता कळते. बातमीदाराने सगळ्यांच्या जागी 'यू-टर्न' ठोकून दिला की घाबरून मागे सरलेला, विकला गेलेला आणि विचार करून बदललेला, तिघेही सारखेच दिसू लागतात.

भाषांतराच्या प्रश्नात चेंज ऑफ हार्टला बरेच जण 'हृदयपरिवर्तन' लिहितात. चालतं, पण तो शब्द भारी आहे. दुष्टाचा सज्जन झाला तर शोभतो. घर विकायचं ठरवून ऐन वेळी नको म्हणणाऱ्याला 'मन बदललं' एवढं पुरतं. आणि 'उपरती' लिहायची तर आधी चूक झालेली असली पाहिजे आणि ती ज्याची त्याला कळलेली असली पाहिजे.